फुटबॉल-संघाचे खरे धनी

एखाद्या खेळावर प्रेम करणे आणि एखाद्या संघाचे होऊन राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पहिली गोष्ट अलीकडे विपुल दिसते. वणीपासून उमरखेडपर्यंत कोणत्याही तालुक्याच्या गावी गेले, तरी मँचेस्टरच्या किंवा बार्सिलोनाच्या संघाचा सदरा अंगात घालून फिरणारी मुले भेटतात, त्यांना तेथील खेळाडूंची नावे, त्यांच्या बदल्या आणि त्यांचे मोल मुखोद्गत असते, आणि मध्यरात्री जागून सामने पाहण्यात त्यांचा उत्साह कमी पडत नाही. परंतु ज्या संघावर ते जीव टाकतात त्या संघाला त्यांच्या असण्याची वार्ताही नसते. त्या संघाच्या मैदानावर ते कधी जाणार नाहीत, त्याच्या जमाखर्चात त्यांचा एक पैसाही पोहोचत नाही, आणि तो संघ उद्या विकला गेला तर त्यांचे मत विचारण्यास कोणी येणार नाही. संघाच्या चाहत्याचे नाते याहून निकटचे असू शकते काय, ते कसे निर्माण होते आणि ते टिकवण्यासाठी काय करावे लागते, या प्रश्नांचे सर्वांत पद्धतशीर उत्तर गेल्या तीस-पस्तीस वर्षांत ज्या देशाने दिले तो देश म्हणजे जपान. आणि त्याच प्रश्नाचे कोणतीही योजना न आखता सहजगत्या मिळालेले उत्तर आपल्याच महाराष्ट्रात, कोल्हापुरात, पाहावयास मिळते.

कोल्हापूरची गोष्ट प्रथम सांगितली पाहिजे, कारण ती आपली आहे. या शहरात कुस्तीच्या तालमी पेठोपेठी पूर्वीपासून होत्या. तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हे. पेठेतील तरुणांची बैठक, सणावारांची व्यवस्था, अडल्यानडल्याची मदत आणि पेठेचा अभिमान या सर्वांचे ते ठाणे असते. संस्थानी अमलात छत्रपतींच्या आश्रयाने फुटबॉल या शहरात रुजला, तेव्हा त्याला स्वतंत्र क्लब स्थापण्याची गरज पडली नाही. तो सरळ तालमीत शिरला. त्यामुळे आज पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस फुटबॉल क्लब अशी नावे धारण करणारे संघ कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशनच्या स्पर्धांत छत्रपती शाहू स्टेडियमवर एकमेकांशी झुंजतात, आणि कामाच्या दिवशीही दुपारी तेथे हजारोंची गर्दी लोटते. गिरणीतला कामगार, सराफकट्ट्यावरचा कारागीर, महाविद्यालयातला विद्यार्थी आणि निवृत्त मास्तर हे सर्व एका पायरीवर बसतात. आपण कोणत्या संघाचे, हे त्यांनी कधी ठरवलेले नसते. ज्या पेठेत जन्म झाला त्या पेठेचा संघ हा वतनासारखा वडिलांकडून मुलाकडे येतो.

या नात्याचे बळ केवढे असते याचा प्रत्यय सामन्याच्या दिवशी येतो. पेठेतून झेंडे लावलेल्या दुचाक्यांचे ताफे निघतात, संघाच्या रंगाचे पट्टे गळ्यात पडतात, आणि स्टेडियमच्या कोणत्या अंगाला कोणाचे समर्थक बसणार हे कोणत्याही फर्मानाशिवाय सर्वांना ठाऊक असते. संघाचा खर्च पेठेतील व्यापारी, हितचिंतक आणि वर्गणीदार यांच्या बळावर चालतो. अलीकडच्या काळात काही तालमींनी आफ्रिकेतून आलेले खेळाडूही करारावर घेतले, आणि तेही थोड्याच दिवसांत पेठेतील मुलांना नावानिशी ओळखू लागले. याच मातीतून अनिकेत जाधव हा खेळाडू वर आला आणि २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत तो भारतीय संघातून खेळला. कोल्हापूरच्या फुटबॉलला दोष नाहीत असे नाही, आणि त्यांचा विचार पुढे करावयाचाच आहे. तथापि महाराष्ट्रात फुटबॉल-संघ ही सामान्य माणसाची मालमत्ता कोठे असेल तर ती येथे आहे, हे निर्विवाद आहे.

याच्या नेमकी उलट स्थिती मुंबईची आणि पुण्याची. मुंबईत १८९१ पासून रोव्हर्स चषकाची स्पर्धा होत असे. आरंभी ती गोऱ्या पलटणींची मिरास होती, १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने ती जिंकून ते वर्चस्व मोडले, आणि पुढे कूपरेजच्या मैदानावर देशभरातील नामांकित संघ येऊ लागले. पण मुंबईचे स्वतःचे मोठे संघ बव्हंशी गिरण्यांचे, तेल कंपन्यांचे, कारखान्यांचे आणि सरकारी खात्यांचे होते. खेळाडूला नोकरी मिळे, कंपनीचे नाव होई, आणि व्यवस्थापनाचे धोरण पालटले की संघ बंद पडे. १९६२ मध्ये उभा राहिलेला महिंद्राचा संघ, जो पुढे महिंद्रा युनायटेड या नावाने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकून देशाचा विजेता ठरला, तो २०१० मध्ये विसर्जित झाला. २००७ मध्ये स्थापन झालेला पुणे एफ.सी. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकावर आला आणि त्यानंतर अवघ्या काही वर्षांत त्याचाही कारभार आटोपला. त्याच शहरातील एफ.सी. पुणे सिटी २०१९ मध्ये मैदानातून गेला. या संघांमागे प्रामाणिक परिश्रम होते आणि पैसाही होता. नव्हता तो एवढाच एक घटक, की संघ बंद करण्याचा विचार निघाला तेव्हा 'हा आमचा आहे' असे म्हणून ज्यांचा शब्द ऐकावा लागेल अशी माणसे.

यांपैकी पुणे एफ.सी.मधून खेळलेल्या एका खेळाडूची आठवण येथे प्रस्तुत आहे. अराता इझुमी हा जपानमध्ये १९८२ साली जन्मलेला, भारतीय वंशाचा पिता आणि जपानी माता यांचा पुत्र. सिंगापुरात खेळणाऱ्या आल्बिरेक्स निइगाता या जपानी क्लबच्या संघातून तो २००६ मध्ये कोलकात्यास ईस्ट बंगालकडे आला, नंतर मुंबईत महिंद्रा युनायटेडकडून आणि २००९ पासून पुण्याकडून खेळला. भारताच्या संघातून खेळता यावे म्हणून त्याने जपानचे नागरिकत्व सोडून भारताचे स्वीकारले, कागदोपत्री नीलकंठ खंभोळजा हे नाव घेतले, आणि २०१३ मध्ये भारताकडून पदार्पण केले. ज्या देशाने फुटबॉलमध्ये आपल्याला मागे टाकले त्या देशाचा पासपोर्ट परत करून आपल्याकडे येणाऱ्या या खेळाडूची महाराष्ट्रातील दोन्ही घरे आज अस्तित्वात नाहीत. तो ज्या क्लबच्या सिंगापुरातील संघातून आला तो क्लब मात्र निइगाता या आपल्या शहरात, त्याच नावाने अजून खेळतो आहे. हा भेद नशिबाचा नाही, तो रचनेचा आहे.

जपानची रचना समजून घेण्यापूर्वी एक ऐतिहासिक वस्तुस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. १९६२ च्या जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत भारताने सुवर्णपदक मिळवले, तेव्हा वाटेत जपानला दोन गोलांनी शून्यावर नमवले होते. त्या काळी फुटबॉलमध्ये जपान आपल्याहून श्रेष्ठ नव्हता. त्याचे संघही आपल्या मुंबईतल्यासारखेच कंपन्यांचे होते. १९६५ मध्ये जी जपान सॉकर लीग आठ संघांनिशी सुरू झाली तिच्यात फुरुकावा इलेक्ट्रिक, मित्सुबिशी, हिताची, यान्मार अशा कारखानदारी पेढ्यांचेच संघ होते. डेटमार क्रेमर या जर्मन प्रशिक्षकाच्या मार्गदर्शनाचा लाभ होऊन १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये जपानने कांस्यपदक मिळवले खरे, परंतु त्यानंतर दोन दशके हा खेळ तेथे निस्तेज राहिला. लीगचे सामने रिकाम्या बाकांपुढे होत. प्रेक्षक आले तर ते बहुधा त्या कंपनीचे नोकर असत, कारण दुसऱ्या कोणाला त्या संघाशी काही कर्तव्य नव्हते.

ही कोंडी फोडणाऱ्यांत साबुरो कावाबुची यांचे नाव अग्रभागी येते. ते स्वतः फुरुकावाच्या संघातून खेळलेले आणि १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये अर्जेंटिनाविरुद्ध गोल केलेले खेळाडू. तरुणपणी १९६० मध्ये जपानच्या संघाबरोबर ते जर्मनीस गेले असता ड्युइसबर्ग येथील क्रीडाशाळेची हिरवळीची मैदाने त्यांनी पाहिली. अशी मैदाने आपल्या देशातही असावीत ही आकांक्षा त्यांनी पुढील तीस वर्षे मनात बाळगली. १९९१ मध्ये जे-लीग ही नवी व्यावसायिक संस्था स्थापन झाली आणि तिचे ते पहिले अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांनी जे नियम केले त्यांतील दोन नियमांनी जपानी फुटबॉलचा कायापालट केला. पहिला असा की, प्रत्येक क्लबने एक गाव, शहर किंवा परगणा आपले स्थान म्हणून घोषित करावे, तेथील स्थानिक स्वराज्य संस्थेचे सहकार्य मिळवावे, तेथे योग्य मैदान असावे आणि तेथील मुलांसाठी कुमारांचे संघ चालवावेत. दुसरा असा की, क्लबच्या नावात कंपनीचे नाव येता कामा नये. नावात स्थानाचा उल्लेख हवा. या दुसऱ्या नियमाला मोठ्या धनिकांचा कडवा विरोध झाला, कारण पैसा आम्ही ओतायचा आणि नाव गावाचे का, असा त्यांचा सवाल होता. कावाबुची बधले नाहीत. मित्सुबिशीचा संघ उरावाचा झाला, निस्सानचा संघ योकोहामाचा झाला, आणि १५ मे १९९३ रोजी टोकियोच्या राष्ट्रीय क्रीडागारात पहिला सामना झाला तेव्हा ५९,६२६ प्रेक्षक उपस्थित होते. त्या पहिल्या वर्षी दहा क्लब होते. आज तीन श्रेणींत मिळून साठ आहेत.

नियम कागदावर राहतो की गावात उतरतो, हे काशिमाच्या उदाहरणावरून पाहता येते. टोकियोच्या ईशान्येस समुद्रकाठी असलेल्या या लहानशा औद्योगिक वस्तीत सुमितोमो मेटल्स या पोलाद कंपनीचा दुय्यम श्रेणीतील संघ होता. त्याने नव्या लीगमध्ये प्रवेश मागितला तेव्हा, पंधरा हजार प्रेक्षकांचे, छप्पर असलेले मैदान उभे राहिले तरच विचार होईल अशी जवळजवळ अशक्य अट घालण्यात आली. परगण्याच्या सरकारने ती अट मान्य केली आणि मैदान बांधले. ब्राझीलचा विख्यात झिको त्या गावी येऊन खेळला आणि त्याने तेथील खेळाडूंना व्यावसायिक शिस्त शिकवली. आज काशिमा अँटलर्स हा क्लब जे-लीगची अजिंक्यपदे सर्वाधिक वेळा जिंकणारा क्लब आहे. मोठ्या शहराची लोकसंख्या त्याच्यापाशी नाही. पंचक्रोशीतील माणसे त्याला आपला मानतात, हेच त्याचे भांडवल आहे. मात्सुमोतो या डोंगराळ भागातील शहराची कथा याहूनही साधी आहे. रेल्वे स्थानकासमोर 'यामागा' नावाचे एक कॉफीचे दुकान होते. तेथे नित्य बसणाऱ्या मंडळींनी १९६५ मध्ये हौसेखातर संघ काढला. पन्नास वर्षांनी, २०१५ मध्ये, मात्सुमोतो यामागा हा क्लब देशाच्या सर्वोच्च श्रेणीत खेळला. पुढे तो पुन्हा खाली घसरला, तरी त्याच्या हिरव्या रंगाच्या समर्थकांनी त्याला सोडले नाही.

प्रत्यक्ष मैदानावर या प्रेमाला कसे रूप येते तेही पाहण्याजोगे आहे. जपानी मैदानात गोलच्या मागील पायऱ्या कट्टर समर्थकांच्या मानल्या जातात. तेथे आसनावर बसण्याचा रिवाज नाही. नव्वद मिनिटे उभे राहून, ढोलाच्या ठेक्यावर, हातात ध्वनिक्षेपक घेतलेल्या म्होरक्याच्या इशाऱ्याबरहुकूम गाणी म्हणायची, झेंडे फिरवायचे आणि संघ तीन गोलांनी मागे असला तरी आवाज खाली येऊ द्यायचा नाही. बाजूच्या पायऱ्यांवर कुटुंबे बसतात; आजी-आजोबा, शाळकरी मुले, क्लबच्या रंगाचे गळपट्टे बांधलेल्या गृहिणी. मैदानाबाहेर त्या प्रांताचे खास खाद्यपदार्थ विकणारी दुकाने सामन्याच्या कितीतरी आधी थाटलेली असतात, आणि दूरच्या शहरातून आलेले प्रतिपक्षाचे समर्थकही ते चाखण्यासाठी लवकर पोहोचतात. अनेक क्लबांनी १२ हा क्रमांक कोणत्याही खेळाडूला न देता समर्थकांसाठी राखून ठेवला आहे, कारण अकरा खेळाडूंनंतरचा बारावा तो तेच आहेत. सामना संपल्यावर खेळाडू रांगेने समर्थकांपुढे येतात आणि कमरेत वाकून नमस्कार करतात. हरले असले तर अधिकच खाली वाकतात. त्यानंतर समर्थक आपल्या पायऱ्यांवरचा कचरा पिशव्यांत गोळा करून निघून जातात. विश्वचषकाच्या सामन्यांत जपानी प्रेक्षकांनी स्टेडियम झाडल्याची जी छायाचित्रे जगभर छापली जातात, त्यांच्यामागे परदेशी पाहुण्यांना दाखवण्याची हौस नाही. जे मैदान आपले मानले ते आपण स्वच्छ ठेवावे, एवढाच त्याचा अर्थ आहे.

परंतु संघ आपला आहे हे म्हणणे सोपे; तो खरोखरीच कोणाचा आहे याची कसोटी संकटात लागते. ती कसोटी १९९८ च्या ऑक्टोबरात योकोहामात आली. तेथे दोन मोठे क्लब होते: निस्सानच्या पाठबळाचा मारिनोस, आणि ऑल निप्पॉन एअरवेज व सातो कोग्यो ही बांधकाम कंपनी यांच्या पाठबळाचा फ्ल्यूगेल्स. आर्थिक मंदीत बांधकाम कंपनीने हात आखडता घेतला, विमान कंपनीला एकटीने भार वाहणे नकोसे झाले, आणि फ्ल्यूगेल्स मारिनोसमध्ये विलीन करण्याचा निर्णय वरच्या दालनांत झाला. खेळाडूंना आणि समर्थकांना तो निर्णय इतरांबरोबरच समजला. समर्थकांनी रस्त्यांवर उभे राहून लक्षावधी सह्या गोळा केल्या, देणग्या जमवल्या, कंपन्यांच्या कचेऱ्यांपुढे निवेदने दिली. खेळाडूंनी आपल्या परीने एकच उत्तर दिले: त्या घोषणेनंतर तो संघ एकही सामना हरला नाही. सम्राट चषकाच्या स्पर्धेत, जिथे एक पराभव म्हणजे क्लबचा अंत होता, ते एकेक फेरी ओलांडत गेले आणि १ जानेवारी १९९९ रोजी अंतिम सामन्यात शिमिझु एस-पल्सला २-१ असे हरवून त्यांनी चषक जिंकला. चषक हातात घेतलेला विजेता संघ त्याच दिवशी इतिहासजमा झाला.

पुढे जे घडले ते आपल्याकडील फुटबॉल-रसिकांनी विशेष लक्षपूर्वक वाचावे. विलीन झालेल्या क्लबच्या नावात फ्ल्यूगेल्सची खूण म्हणून 'एफ' हे एक अक्षर घालण्यात आले आणि त्याचे नाव योकोहामा एफ. मारिनोस असे झाले. पण फ्ल्यूगेल्सच्या समर्थकांनी ते अक्षर पुरेसे मानले नाही. काल ज्याला शत्रू मानले त्याचे आज समर्थक होणे त्यांनी साफ नाकारले. जमवलेल्या पैशांतून, बार्सिलोनाच्या धर्तीवर सभासदत्वाची योजना आखून, त्यांनी योकोहामा एफ.सी. हा स्वतःचा क्लब स्थापन केला. हौशी व निमव्यावसायिक संघांच्या स्पर्धेत तो १९९९ मध्ये उतरला, २००१ मध्ये त्याला व्यावसायिक लीगच्या दुसऱ्या श्रेणीत प्रवेश मिळाला, आणि २००७ मध्ये तो सर्वोच्च श्रेणीत खेळला. कंपनीने बंद केलेला क्लब रसिकांनी आठ वर्षांत पुन्हा शिखरावर नेला. या क्लबच्या पुढील वाटचालीत मालकी, पैसा आणि सभासदांचे हक्क यांवरून मतभेद झाले आणि तोही अखेरीस व्यापारी भांडवलाच्या आधाराने चालू लागला, हे मान्य केले पाहिजे. परंतु तो क्लब आहे, खेळतो आहे, आणि त्याच्या जन्माचे श्रेय कोणत्याही कंपनीला घेता येत नाही.

दुसरे उदाहरण कोफु या शहराचे. फुजी पर्वताच्या परिसरातील यामानाशी परगण्यातला व्हेन्टफोरेट कोफु हा क्लब या शतकाच्या आरंभी कर्जात बुडून विसर्जनाच्या उंबरठ्यावर होता. भागधारकांनी त्याला एक मुदत दिली आणि अटी घातल्या: सामन्यांना सरासरी ३,००० प्रेक्षक यावेत, समर्थक मंडळाचे ५,००० सभासद व्हावेत, आणि जाहिरातींचे उत्पन्न ठरलेल्या रकमेपर्यंत पोहोचावे. क्लबचे पदाधिकारी दारोदार फिरले. मोठी पेढी मिळत नाही म्हणून त्यांनी लहान दुकानदारांना, कारागिरांना, स्थानिक व्यावसायिकांना गाठले आणि मैदानाभोवतीच्या फलकांवर कोपऱ्याएवढ्या जागाही विकल्या. अटी पुऱ्या झाल्या आणि क्लब वाचला. २०२२ मध्ये, दुसऱ्या श्रेणीत अठराव्या क्रमांकावर असताना, याच कोफुने सम्राट चषकाच्या अंतिम सामन्यात पहिल्या श्रेणीतील सानफ्रेचे हिरोशिमाला पेनल्टींवर हरवले आणि पुढील वर्षी आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये जपानचे प्रतिनिधित्व केले.

या सर्वांवरून जपानात सर्व काही आलबेल आहे असा ग्रह वाचकांनी करून घेऊ नये. आरंभीचा उत्साह ओसरताच प्रेक्षक झपाट्याने घटले. १९९४ मध्ये सामन्यामागे सरासरी साडेएकोणीस हजारांवर असलेली उपस्थिती १९९७ मध्ये दहा हजारांच्या आसपास आली. ती पुन्हा वाढवण्यास वर्षे लागली, आणि ती वाढली ती निइगातासारख्या भातशेतीच्या प्रदेशात क्लबने गल्लोगल्लीच्या नागरिक मंडळांमार्फत लोकांना मैदानावर आणले म्हणून. अतिरेकी समर्थकांचा उपद्रवही तेथे आहे. उरावाच्या काही समर्थकांनी २०१४ मध्ये परकीयांना मज्जाव सुचवणारा फलक लावला, तेव्हा लीगने त्या क्लबला एक सामना रिकाम्या मैदानात खेळण्याची शिक्षा दिली. आणि २०२३ मध्ये त्याच क्लबच्या समर्थकांनी दंगा केल्यावर २०२४ च्या सम्राट चषकातून संपूर्ण क्लबला वगळण्यात आले. शिक्षा क्लबला होते आणि तिचा सल समर्थकांना बोचतो, म्हणूनच तिचा वचक राहतो. कोल्हापुरातही पेठेच्या अभिमानाचे पर्यवसान कधी हुल्लडबाजीत होते, दगडफेक होते, पोलिसांना बंदोबस्त वाढवावा लागतो आणि हंगाम विस्कळीत होतो. अशा वेळी अभिमानच दोषी आहे असे म्हणणारे चुकतात. अभिमानाविना क्लब जगत नाही. त्याला नियमांची आणि निःपक्षपाती अंमलबजावणीची जोड द्यावी लागते, आणि ती देण्याचे धैर्य संयोजकांनी दाखवावे लागते.

यवतमाळात बसून जपानच्या क्लबांचा मागोवा घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक सोय अशी की, जपानची वेळ आपल्याहून साडेतीन तासांनी पुढे आहे. तेथे दुपारी दोनला सुरू होणारा सामना आपल्याकडे सकाळी साडेदहाला आणि सायंकाळी सातचा सामना दुपारी साडेतीनला सुरू होतो. युरोपच्या सामन्यांप्रमाणे रात्रीचा दिवस करावा लागत नाही. लीगचा हंगाम २०२५ पर्यंत फेब्रुवारी-मार्चपासून डिसेंबरपर्यंत चालत आला; २०२६ पासून तो युरोपप्रमाणे ऑगस्टमध्ये सुरू होऊन पुढील उन्हाळ्यात संपावा असे ठरले. सामन्यांची क्षणचित्रे आंतरजालावर सहज पाहता येतात. क्लब निवडताना केवळ विजेत्याच्या मागे न जाता त्या शहराविषयी थोडे वाचून मग निवड करावी, आणि जमल्यास दुसऱ्या किंवा तिसऱ्या श्रेणीतला क्लब घ्यावा, म्हणजे वर चढण्याची आणि खाली घसरण्याची धाकधूक कशी असते याचा अनुभव येतो. योकोहामा एफ. मारिनोसशी तर आपला एक दूरचा संबंधही जुळलेला होता. ज्या सिटी फुटबॉल ग्रुपने २०१४ मध्ये त्या क्लबचे काही भाग घेतले, त्याच समूहाने २०१९ मध्ये मुंबई सिटी एफ.सी.चे बहुसंख्य भाग खरेदी केले होते.

तथापि दूरच्या क्लबवर प्रेम करणे हा या लेखाचा अंतिम हेतू नाही. विदर्भात फुटबॉलची परंपरा नाही असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. कामठी आणि नागपूर येथे हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या खेळला जात आहे, आणि नागपुरातच २००१ मध्ये विजय बारसे यांनी झोपडपट्टीतील मुलांसाठी स्लम सॉकर ही चळवळ सुरू केली, जिच्यावरून पुढे नागराज मंजुळे यांचा 'झुंड' हा चित्रपट निघाला. क्रीडासंस्था लोकांच्या बळावर शंभर वर्षे चालू शकते याचा पुरावा तर आपल्या शेजारीच आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये स्थापन झाले, १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी त्याच्या पथकाने भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके जर्मनीत दाखवली, आणि ते मंडळ आजही उभे आहे. आणि वर्गणीच्या बळावर मोठे कार्य तडीस नेण्याची विद्या यवतमाळकरांना कोणी शिकवावयास नको. येथील दुर्गोत्सव साऱ्या महाराष्ट्रात ख्यातनाम आहे तो कोणा एका धनिकामुळे नव्हे. चौकाचौकातील मंडळे दरसाल घरोघर जाऊन पावत्या फाडतात, हिशेब ठेवतात, कामे वाटून घेतात आणि नऊ दिवस शहर उजळून टाकतात. कोफुच्या पदाधिकाऱ्यांनी जे केले त्याहून हे वेगळे नाही. ज्या चौकाला दुर्गेची मूर्ती बसवता येते त्या चौकाला मुलांचा एक फुटबॉल-संघ बारमाही चालवणे अशक्य नाही. मंडपाच्या मानाने चेंडू, गोलचे खांब, जाळी आणि एक प्रशिक्षक यांचा खर्चवेच अल्पच आहे.

असा संघ निघाला तर त्याला नाव चौकाचे किंवा गावाचे द्यावे, देणगीदाराचे देऊ नये. देणगीदाराचा सन्मान फलकावर करावा. त्याचा ताळेबंद दरवर्षी सभासदांपुढे मांडावा. बारा वर्षांच्या मुलांचा संघ आधी आणि मोठ्यांचा नंतर काढावा. नगरपरिषदेकडे मैदानाची मागणी एकट्याने न करता दहा चौकांनी मिळून करावी. आणि यवतमाळच्या नेहरू स्टेडियमवर किंवा गावच्या शाळेच्या पटांगणावर त्या मुलांचा सामना असेल त्या दिवशी, मँचेस्टरचा सदरा घालून का होईना, तुम्ही तेथे वेळेवर हजर राहावे आणि शेवटची शिट्टी वाजेपर्यंत मैदान सोडू नये. क्लबचे धनी होण्यास याहून मोठ्या भांडवलाची गरज जपानात पडली नाही, कोल्हापुरात पडली नाही, आणि यवतमाळातही पडणार नाही.